निकाल राखून ठेवणारा सुधारक : गोपाळ गणेश आगरकर



१४ जुलै हा गोपाळ गणेश आगरकरांचा जन्मदिवस. आपल्या हैदराबादेत गणेशोत्सव आला की लोकमान्य टिळकांचे नाव प्रत्येक मंडपात घेतले जाते आणि ते योग्यच आहे. पण टिळकांच्या या जिवलग मित्राचे नाव आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या ओळीपुरतेच माहीत असते. थोर समाजसुधारक, ‘सुधारक’ पत्राचे संपादक, एवढे लिहिले की प्रश्नाचे गुण मिळतात आणि विषय संपतो. या अंकात आगरकरांचे चरित्र थोडे वेगळ्या बाजूने सांगावे असे मनात आहे. त्यांच्या अंगी एक गुण होता, ज्याची आज शाळेत, घरात आणि सभेत सर्वांनाच फार गरज आहे. तो गुण म्हणजे पुरावा पुरेसा नसेल तेव्हा निकाल राखून ठेवणे.

निकाल राखून ठेवणे हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतो. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतात, कागद पाहतात आणि लगेच निर्णय न देता तो राखून ठेवतात. त्या काळात आरोपी दोषीही नसतो आणि सुटलेलाही नसतो. आपल्याला अशी मधली अवस्था सहन होत नाही. आपल्याला हो किंवा नाही लगेच हवे असते.

एक आपल्या गावचेच उदाहरण घ्या. मुहम्मद कुली कुतुबशाहाने १५९१ साली हैदराबाद वसवले हे आपण शिकतो. त्याचबरोबर भागमतीची गोष्टही आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्या नावावरून शहराला भागनगर म्हणत, अशी ती गोष्ट. भागनगर हे नाव जुन्या फारसी ग्रंथांत येते हे खरे. पण हैदराबादचेच मोठे इतिहासकार हारून खान शेरवानी यांनी भागमतीच्या कथेवर शंका घेतली. दुसरे काही अभ्यासक ती कथा खरी मानतात. मग आठवीच्या मुलाने परीक्षेत काय लिहावे? दोन्ही बाजूंचे म्हणणे लिहावे, कोणाचा आधार काय तेही लिहावे, आणि पक्का पुरावा मिळेपर्यंत निकाल राखून ठेवावा. यात लाजण्यासारखे काही नाही. उलट खरा अभ्यास इथूनच सुरू होतो.

जुने तत्त्वज्ञ काय करीत

ही गोष्ट नवी नाही. ग्रीस देशात पिऱ्हो नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. सिकंदराच्या स्वारीबरोबर तो हिंदुस्थानात आला होता आणि इथल्या दिगंबर साधूंना भेटला होता, असे जुने ग्रंथ सांगतात. ज्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना सारखेच बळ आहे, तिथे मनाने कोणत्याच बाजूला झुकू नये आणि त्यातून मनाला शांती मिळवावी, ही शिकवण त्याच्या नावाने ओळखली जाते. त्याच्याविषयी एक दंतकथाही आहे. समोरून गाडी आली तरी ती खरेच आहे की नाही याचा तो निर्णय करीत नसे, म्हणून मित्रांना त्याला सांभाळावे लागे! ही थट्टा असेल. पण या विचारातला धोका तिच्यातून नीट दिसतो. निर्णय टाळता टाळता माणूस गाडीखाली जाऊ शकतो.

आपल्याकडे गौतम बुद्धांनी हा धोका फार सुंदर रीतीने टाळला. जग शाश्वत आहे की नाही, अशा काही प्रश्नांची उत्तरे त्यांनी दिलीच नाहीत. मालुंक्यपुत्त नावाच्या शिष्याने फार आग्रह धरला तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टांत दिला. बाण कोणी मारला, तो कोणत्या जातीचा, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे सर्व कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, असे जखमी माणूस म्हणत बसला तर तो मरून जाईल. म्हणजे जे कळण्यासारखे नाही त्याचा निकाल राखून ठेवा, पण रुतलेला बाण आधी काढा.

आगरकरांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी आहेत. ईश्वराच्या प्रश्नावर त्यांनी निकाल राखून ठेवला आणि समाजाच्या अंगात रुतलेले बाण काढायला एक दिवसही थांबायला ते तयार नव्हते. लोकांनी मात्र या दोन गोष्टींची गल्लत केली.

टेंभूचा गरीब मुलगा

सातारा जिल्ह्यात कराडजवळ टेंभू नावाचे गाव आहे. तिथे १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरची परिस्थिती अतिशय गरिबीची होती. शिक्षणासाठी ते कराडला मामांकडे राहिले. पुढे शिकण्याची सोय होईना म्हणून त्यांनी कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे कामही केले. शिकण्याच्या ओढीने ते कराडहून रत्नागिरीला पायी गेले. सह्याद्रीचा घाट उतरून जाणे ही मुलाच्या दृष्टीने काही साधी गोष्ट नव्हती. तिथेही जमले नाही, तेव्हा परत आले. अखेर नातेवाइकांच्या आधाराने ते वऱ्हाडात अकोल्याला गेले. तिथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले. १८७५ साली ते मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असे दिवस त्यांनी काढले. १८७८ साली ते बी. ए. झाले.

डेक्कन कॉलेजात त्यांच्या आयुष्यात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. एक म्हणजे त्यांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ वाचले. दुसरी म्हणजे त्यांची टिळकांशी मैत्री जमली. टिळक त्या वेळी कायद्याचा अभ्यास करीत होते. दोघे टेकड्यांवर फिरत आणि देशासाठी काय करता येईल याच्या चर्चा करीत. सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाच्या कामाला वाहून घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. एम. ए. होणाऱ्या मुलाला त्या काळी मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळत असे. आगरकरांनी आईला पत्र लिहून आधीच कळवून टाकले की आपण पैशाच्या मागे लागणार नाही, पोटापुरते मिळाले की त्यात समाधान मानू. ज्या आईने हलाखीत दिवस काढले तिला असे पत्र लिहिताना मुलाला किती जड गेले असेल याची कल्पना करावी.

१ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम. ए. होऊन आगरकरही १८८१ साली या शाळेत आले. त्याच वर्षी जानेवारीत इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ ही दोन पत्रे निघाली. ‘केसरी’चे संपादक आगरकर झाले. तेव्हा ते पंचविशीतही पोहोचले नव्हते.

एकशेएक दिवस

आता या चरित्रातला जो प्रसंग आपल्या विषयाशी अगदी जवळचा आहे, तो सांगतो.

त्या काळी कोल्हापूरच्या गादीवर चौथे शिवाजी महाराज होते. ते वयाने लहान होते. त्यांना वेड लागले आहे असे सांगून त्यांना देखरेखीखाली ठेवले होते. त्यांचा छळ होतो आहे अशी बातमी पुण्यापर्यंत आली आणि लोकांची मने हळहळली. संस्थानचे दिवाण बर्वे यांचा यात हात आहे असे दाखवणारी काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या तरुण संपादकांच्या हाती आली. त्या पत्रांवर विश्वास ठेवून दोन्ही पत्रांत दिवाणांवर कडक टीका छापून आली. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आणि कोर्टात ती पत्रे बनावट ठरली.

टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १७ जुलै १८८२ पासून २६ ऑक्टोबर १८८२ पर्यंत, म्हणजे एकशेएक दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते.

या खटल्यात जामिनाचा प्रश्न आला तेव्हाची एक गोष्ट फार मोलाची आहे. महात्मा जोतीराव फुले आणि विष्णुशास्त्रींचा हा गट यांचे विचार जुळत नव्हते. विष्णुशास्त्रींनी फुल्यांवर बोचरी टीका केलेली होती. तरी फुल्यांनीच पुढाकार घेतला आणि रामशेठ उरवणे यांच्यामार्फत दहा हजार रुपयांच्या जामिनाची सोय करवून दिली. आपले ज्यांच्याशी पटत नाही ते सर्वच बाबतीत वाईट, असा शेरा फुल्यांनी मारून ठेवला नव्हता. माणसाविषयीचा निकालही राखून ठेवता येतो, हे यातून शिकावे.

या खटल्याकडे आपण पुष्कळदा केवळ त्यागाची गोष्ट म्हणून पाहतो. दोन देशभक्त तुरुंगात गेले आणि सुटून आले तेव्हा लोकांनी त्यांचे जंगी स्वागत केले. हे सर्व खरे आहे. पण मुलांनी त्यातली दुसरी बाजूही पाहावी. दोघांची कळकळ खरी होती. महाराजांची स्थितीही खरोखर वाईट होती. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. तरीसुद्धा हातात आलेली ती पत्रे खोटीच होती. कळकळ खरी असली म्हणून पुरावा खरा ठरत नाही. आपल्याला जे खरे असावेसे वाटते, त्याच बाजूचा कागद हाती आला की आपण तो कमी तपासतो. टिळक-आगरकरांसारख्या कुशाग्र बुद्धीच्या माणसांचे असे होऊ शकते, तर तुमचे-आमचे का होणार नाही?

तुरुंगातल्या दिवसांवर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. ते वाचताना रडगाणे कुठे सापडत नाही. दोघे मित्र रात्री इतक्या जोरात वाद घालत की पहारेकऱ्यांना त्यांना गप्प करावे लागे. याच कैदेत आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचे भाषांतर हाती घेतले. ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले.

मोठ्या वर्गातल्या मुलांनी हे नाटक जरूर वाचावे. राजपुत्र हॅम्लेटला बापाचे भूत दिसते आणि ते सांगते की माझा खून माझ्याच भावाने केला. हॅम्लेट लगेच तलवार काढत नाही. भुताचे बोलणे खरे कशावरून, अशी शंका त्याच्या मनात येते. म्हणून तो राजासमोर खुनाचाच प्रसंग असलेले एक नाटक करवतो आणि राजाचा चेहरा पाहतो. म्हणजे तो निकाल राखून ठेवून पुरावा शोधतो. पण खात्री पटल्यावरही तो थांबतच राहतो, आणि त्या उशिरात निरपराध माणसे मरतात. एकाच नाटकात दोन्ही धडे आहेत. पुराव्याआधी निकाल देऊ नये, आणि पुरावा मिळाल्यावर टाळाटाळ करू नये. खोट्या पत्रांच्या खटल्यात कैद झालेल्या माणसाने नेमके हेच नाटक मराठीत आणावे, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

ठाऊक नाही म्हणण्याचे धैर्य

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. आगरकर तिथे शिकवू लागले. पण ‘केसरी’त त्यांचे आणि सहकाऱ्यांचे मतभेद वाढत चालले होते. समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या प्रश्नावर दोघा मित्रांचे पटेना. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’ सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ हे स्वतःचे पत्र काढले. त्याचा इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले पाहत.

‘सुधारक’मधून आगरकरांनी धर्म आणि ईश्वर या विषयांवरही मोकळेपणाने लिहिले. त्यामुळे लोक त्यांना नास्तिक म्हणू लागले. आजही पुष्कळ जण असेच म्हणतात. पण अभ्यासक त्यांना अज्ञेयवादी म्हणतात, आणि या दोन शब्दांत मोठा फरक आहे. नास्तिक म्हणतो, ईश्वर नाही. आस्तिक म्हणतो, ईश्वर आहे. दोघांनीही आपला निकाल देऊन टाकलेला आहे. अज्ञेयवादी म्हणतो, या जगाच्या मुळाशी काय आहे हे जाणण्याचे साधन माणसाकडे नाही, म्हणून मी याचा निकाल देत नाही. यासाठी इंग्रजीत नवा शब्द हक्सले या शास्त्रज्ञाने १८६९ साली घडवला. स्पेन्सरनेही हाच विचार आपल्या ग्रंथात मांडला होता, आणि स्पेन्सर हा आगरकरांचा आवडता लेखक होता.

पण आगरकर इथे थांबले नाहीत. ईश्वर आहे की नाही हा एक प्रश्न, आणि माणसाच्या मनात देवांची कल्पना कशी आली हा दुसरा प्रश्न. पहिल्याला पुरावा मिळत नाही. दुसरा प्रश्न माणसाच्या इतिहासाचा आहे, त्याचा तपास करता येतो. म्हणून ‘देवतोत्पत्ति’ या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पना कशा निर्माण झाल्या असाव्यात याचा विचार केला. कोणत्या प्रश्नाचा तपास होऊ शकतो आणि कोणत्याचा नाही, हे आधी वेगळे करणे ही अर्धी विद्या आहे. त्यांनी मराठी व्याकरणावर ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले. वाक्याचे भाग सुटे करून तपासायचे, ही त्यांची सवय व्याकरणातही होती आणि विचारातही.

एक गैरसमज मात्र करून घेऊ नये. आपल्यापैकी बहुतेक घरांत सकाळी देवपूजा होते, शाळेत प्रार्थना होते. आगरकरांचे चरित्र वाचल्याने श्रद्धा सोडावी लागते असे नाही. श्रद्धा ठेवणाऱ्या माणसालाही हे जाणून घेता येते की आपली श्रद्धा ही श्रद्धा आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. एवढे जाणले की दुसऱ्याच्या श्रद्धेशी भांडण उरत नाही. आपल्या शहरात तर ही समजूत फारच आवश्यक आहे. इथे एकाच गल्लीत मंदिराची घंटा, मशिदीची अजान आणि गुरुद्वाऱ्याची शबद-वाणी ऐकू येते.

जिथे थांबणे चूक आहे

आता दुसरी बाजू पाहू. त्या काळी आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्ने होत. नवरा मेला तर त्या पोरवयातल्या विधवेचे केस काढून टाकत आणि जन्मभर तिला घराच्या कोपऱ्यात बसवत. मुलींना शाळेत पाठवणे पाप समजले जाई. या प्रश्नांवर पुष्कळ शहाणी माणसे म्हणत की घाई नको, शास्त्र पाहू, लोकमत तयार होऊ द्या. वरून पाहिले तर हेसुद्धा निकाल राखून ठेवणेच वाटते. पण आगरकरांना यातला फरक स्पष्ट दिसत होता. ईश्वराच्या प्रश्नावर थांबल्याने कोणाचे नुकसान होत नव्हते. बालविधवेच्या प्रश्नावर थांबल्याने एका मुलीचे आयुष्य रोज नष्ट होत होते. आणि इथे पुरावा शोधायला कुठे जायचे नव्हते. तो प्रत्येक वाड्यात डोळ्यांसमोर बसलेला होता.

म्हणून केशवपन, बालविवाह आणि जातिभेद यांवर त्यांनी कसलीही भीड न ठेवता लिहिले. मुलींना मुलांसारखेच आणि मुलांच्या बरोबरीने शिक्षण द्यावे असा आग्रह धरला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा झाले. या कायद्याच्या बाजूने ते उभे राहिले. परक्या सरकारने आपल्या घरातल्या गोष्टींत कायदा करू नये असे टिळकांचे म्हणणे होते. त्याआधी १८९० सालीच टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते. ज्या मित्राबरोबर कैद भोगली, त्याच्याशी आता वर्तमानपत्रातून भांडणे होऊ लागली.

याची किंमत आगरकरांना मोजावी लागली. पुण्यातल्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. दम्याच्या विकाराने शरीर आधीच खंगलेले होते. तरी त्यांचे लिहिणे थांबले नाही.

१८९२ साली वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दुसऱ्याच वर्षी कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. फर्ग्युसनमध्ये मात्र कर्व्यांची जागा कायम राहिली. याच कर्व्यांनी पुढे स्त्रीशिक्षणाचे केवढे मोठे काम उभे केले हे सर्वांना माहीत आहे. शाळा-कॉलेज चालवणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. बाहेर गोंगाट चालू असताना संस्था आपल्या शिक्षकामागे उभी राहिली तर त्याचे फळ पुढच्या पिढीला मिळते.

१७ जून १८९५ रोजी आगरकरांचे निधन झाले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी त्या खर्चापुरते पैसे आधीच बांधून बाजूला ठेवले होते. शेवटच्या आजारात टिळक त्यांना भेटून गेले होते. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला. इतकी वर्षे टोकाचे वाद झाले, तरी मित्राविषयी कायमचा वाईट निकाल त्यांनी मनात लिहून ठेवलेला नव्हता.

आपल्या शाळेसाठी

आगरकर गेल्यानंतर बारा वर्षांनी, १९०७ साली, आपल्या हैदराबादेत केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेक वर्धिनी ही संस्था काढली. निजामाच्या राज्यात मराठी मुलांच्या शिक्षणाची ती मोठी सोय झाली. संस्थेचे नाव पाहा. ज्ञान वाढवणारी, धन वाढवणारी असे नाव त्यांनी दिले नाही. विवेक वाढवणारी असे दिले. विवेक म्हणजे खरे आणि खोटे, ठाऊक असलेले आणि नसलेले, थांबण्याची वेळ आणि करण्याची वेळ हे वेगळे ओळखता येणे. या शहरातल्या प्रत्येक मराठी शाळेवर तोच वारसा चालवण्याची जबाबदारी आहे.

आज ही जबाबदारी जास्त कठीण झाली आहे. डोंगरीचा तुरुंग घडवणारी खोटी पत्रे पुण्याला पोहोचायला वेळ लागला असेल. आज खोटा फोटो किंवा खोटी बातमी एका मिनिटात शंभर पालकांच्या मोबाईलवर पोहोचते. वर्गात कोणाचा कंपास हरवला की मधल्या सुट्टीपर्यंत चोराचे नाव ठरलेले असते. बहुतेक वेळा ते नाव नव्याने आलेल्या किंवा गरीब घरच्या मुलाचे असते. संध्याकाळी कंपास दप्तराच्या दुसऱ्या कप्प्यात सापडतो. पण दिवसभर ज्याच्याकडे बोटे दाखवली गेली त्या मुलाचे काय? त्याची माफी मागायला कोणी जात नाही, कारण शिक्षा तर झालीच नव्हती असे सर्वांना वाटते. शिक्षा झालेली असते.

म्हणून कोणाविषयी काही ठरवण्याआधी प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. पहिला, हे मी स्वतः पाहिले आहे की फक्त ऐकले आहे? दुसरा, ज्याच्याविषयी ऐकले त्याचे म्हणणे मी ऐकले का? तिसरा प्रश्न आगरकरांच्या आयुष्यातून येतो आणि तोच आपण विसरतो. मी थांबलो तर कोणाचे नुकसान होते? कंपासाच्या बाबतीत एक दिवस थांबल्याने काहीच बिघडत नाही. पण एखाद्या मुलाला मोठी मुले रोज त्रास देत असतील, एखाद्या मुलीची शाळा सोडवून तिचे लग्न ठरवले जात असेल, तर तिथे सर्व पुरावा जमू द्या म्हणून बसणे हा विवेक नव्हे. तिथे आधी मुलाला सुरक्षित करावे आणि मग चौकशी करावी. आधी बाण, मग धनुष्याचे लाकूड.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात शिक्षकांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल तर अंदाजाने काहीतरी ठोकून देऊ नका. ठाऊक नाही असे सरळ सांगा आणि दुसऱ्या दिवशी शोधून आणा. शिक्षकांनीही मुलांसमोर तसे सांगायला संकोच करू नये. पालकांनी घरी मुलाची तक्रार ऐकली तर ती जरूर ऐकावी, पण शाळेत येऊन दुसरी बाजू ऐकेपर्यंत शेजारी-पाजारी तिचा निवाडा करू नये. विश्वस्त मंडळींना तर मी काय सांगावे? एवढीच विनंती करतो की सभेत एखाद्या विषयावर माहिती अपुरी असेल तर तो पुढच्या सभेसाठी ठेवणे हा कमीपणा समजू नये, आणि माहिती पुरी असेल तर तो पुन्हा पुढे ढकलू नये.

एकच सदरा असलेल्या टेंभूच्या त्या मुलाजवळ शेवटपर्यंत संपत्ती अशी काही जमली नाही. त्याने मराठी माणसाला विचार करण्याची एक रीत दिली. येत्या १४ जुलैला प्रार्थनेनंतर प्रत्येक वर्गाने आगरकरांच्या जीवनातला एक प्रसंग सांगावा आणि त्यावर चर्चा करावी असे ठरवले आहे. चर्चेत दोन्ही बाजू मांडल्या जाव्यात. कोणती बाजू जिंकली हे त्या दिवशी ठरले नाही तरी चालेल.

आपला,
प्राचार्य